संकेत, काळ आणि वाफसा : बेडकाच्या आद्य भ्रूणातील जनुक-सक्रियतेच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा

सारांश

बेडकाच्या फलित अंड्यापासून भ्रूण घडत असताना वृद्धिघटक या नावाने ओळखली जाणारी प्रथिने एका पेशीकडून दुसरीकडे जातात आणि तेथील ठरावीक जनुके सक्रिय करतात, अशी मांडणी प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. ही मांडणी असत्य नाही. परंतु 'आज्ञा देणारा' आणि 'आज्ञा पाळणारा' या रूपकावर ती उभी असल्यामुळे अपुरी आहे. १९२४ मधील संघटकाच्या प्रयोगापासून २०१० मधील पुण्याच्या हायड्रा-नॉगिन प्रयोगापर्यंतचा पुरावा तपासला असता असे दिसते की, संकेताचा अर्थ केवळ संकेतात नसतो. तो ग्रहण करणाऱ्या पेशीच्या पूर्वेतिहासावर आणि काळावर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने प्रचलित मांडणीची चिकित्सा केली असून पदवी स्तरावरील अध्यापनाच्या संदर्भात तिचे परिणाम मांडले आहेत.

बीजसंज्ञा : भ्रूणविज्ञान, वृद्धिघटक, संघटक, ग्रहणक्षमता, झेनोपस, नॉगिन, हायड्रा.

१. प्रस्तावना

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर निफाड परिसरातील डबक्यांत, शेततळ्यांच्या कडेला आणि द्राक्षबागांच्या चारीत बेडकांच्या अंड्यांचे पुंजके दिसू लागतात. प्रत्येक अंडे वरून काळपट, खालून फिकट असते. अशा एका पेशीतून पाठ, पोट, डोके, शेपूट असलेला जीव कसा निर्माण होतो, हा भ्रूणविज्ञानातील मूलभूत प्रश्न आहे. सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. मग एका पेशीत स्नायूचे जनुक जागे होते आणि शेजारच्या पेशीत ते निद्रिस्त राहते, हे कशामुळे?

या प्रश्नाचे आज दिले जाणारे उत्तर थोडक्यात असे : काही पेशी वृद्धिघटक स्रवतात, शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने त्यांना पकडतात, आत साखळीने रासायनिक बदल होतात आणि शेवटी केंद्रकातील जनुके सक्रिय होतात. उत्तर बरोबर आहे. मात्र ते ज्या भाषेत सांगितले जाते ती भाषा तपासण्याची गरज आहे. 'वृद्धिघटक आदेश देतात', 'संघटक भ्रूणाचे नियंत्रण करतो', 'अमुक जनुक ही गुरुकिल्ली आहे' अशी वाक्ये वर्गात सर्रास वापरली जातात. विज्ञानात रूपके टाळता येत नाहीत हे मान्य केले, तरी रूपक कोठे साहाय्य करते आणि कोठे दिशाभूल करते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

२. संघटक : एका रूपकाचा उदय

१९२४ मध्ये जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या शेपटीवाल्या उभयचरावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. फिकट रंगाच्या एका जातीच्या भ्रूणातील, पेशी जेथून आत वळतात त्या छिद्राच्या वरच्या ओठाचा तुकडा त्यांनी काढला आणि गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या भ्रूणात पोटाकडील भागात बसविला. तेथे दुसरा भ्रूण-अक्ष तयार झाला. चेतानलिकेसह जणू एक जोडभ्रूण. रंगभेदामुळे असे दिसून आले की, या दुसऱ्या अक्षातील बऱ्याच पेशी कलमाच्या नसून यजमान भ्रूणाच्याच होत्या. श्पेमान यांनी या तुकड्याला 'संघटक' असे नाव दिले. त्यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिल्डे मांगोल्ड मात्र १९२४ मध्येच एका अपघातात मरण पावल्या होत्या.

'संघटक' हा शब्द निवडतानाच अर्धे स्पष्टीकरण गृहीत धरले गेले. संघटक म्हटले की कर्तृत्व त्याच्याकडे जाते. यजमान ऊती ही केवळ मातीचा गोळा ठरते. वस्तुतः प्रयोगातील अधिक आश्चर्याची गोष्ट यजमान पेशींची होती. ज्या पेशींची त्वचा व्हायची, त्यांनीच चेतानलिका घडविली. ती घडविण्याची क्षमता त्यांच्यात आधीपासून होती.

संघटकाच्या रूपकाला पहिला तडा लवकरच गेला. १९३२ मध्ये असे आढळले की, संघटकाचा तुकडा मारून टाकला तरी त्याची प्रवर्तन-शक्ती नाहीशी होत नाही. त्यानंतर कितीतरी असंबद्ध पदार्थ हेच काम करू शकतात असे दिसून आले. १९३६ मध्ये वॉडिंग्टन, नीडहॅम आणि ब्राशे यांनी मिथिलीन ब्ल्यू हे रंगद्रव्यही न्यूटच्या ऊतीत चेताऊती उत्पन्न करू शकते असे दाखविले. मिथिलीन ब्ल्यूमध्ये चेतासंस्थेचा 'आराखडा' असू शकत नाही हे उघड आहे. तेव्हा आराखडा जर कोठे असेल, तर तो प्रतिसाद देणाऱ्या पेशीत असला पाहिजे. त्या काळातील अनेकांना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला आणि 'खऱ्या' प्रवर्तक पदार्थाचा शोध मंदावला. वॉडिंग्टन यांनी मात्र याच सुमारास ग्रहणक्षमता ही संकल्पना पुढे मांडली : विशिष्ट संकेताला विशिष्ट प्रतिसाद देण्याची पेशीची तयारी, जी ठरावीक काळापुरतीच टिकते.

या परंपरेचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. पुणे विद्यापीठात प्रायोगिक भ्रूणविज्ञानाची परंपरा रुजविणाऱ्या लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरा येथे वॉडिंग्टन यांच्याकडे काम केले होते. कोंबडीच्या भ्रूणातील प्रवर्तनावरील त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९५७ मध्ये वॉडिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी प्रवर्तनाच्या वेळी पदार्थांचे एका ऊतीतून दुसरीत होणारे विसरण तपासले होते. म्हणजे 'संकेत' हा शब्द रेणूंच्या भाषेत बोलला जाण्यापूर्वीच एक मराठी संशोधक या प्रश्नापाशी पोहोचल्या होत्या.

३. वृद्धिघटक : नावांची चिकित्सा

१९६९ मध्ये नेदरलँड्समधील पीटर न्यूकूप यांनी अ‍ॅक्सोलॉटलच्या भ्रूणातील वरच्या टोकाची टोपी आणि खालचा पीतकयुक्त भाग एकत्र जोडून दाखविले की, वरच्या पेशींतून मध्यस्तर (ज्यापासून स्नायू, रक्त, हृदय बनते) तयार होतो. दोघांपैकी कोणताही भाग एकटा ठेवल्यास तसे घडत नाही. त्यामुळे खालून वर जाणारा संकेत असला पाहिजे हे निश्चित झाले. तो कोणता, याचे पहिले रेणवीय उत्तर १९८७ मध्ये मिळाले : तंतुपेशी-वृद्धिघटक, म्हणजे एफजीएफ, झेनोपस बेडकाच्या टोपीत मध्यस्तर उत्पन्न करतो. त्याच वर्षी जिम स्मिथ यांनी झेनोपसच्या संवर्धित पेशींच्या द्रवातून आणखी प्रबळ घटक मिळविला. १९९० मध्ये तो अ‍ॅक्टिव्हिन असल्याचे स्पष्ट झाले. जपानमधील माकोतो आसाशिमा यांच्या गटानेही त्याच वर्षी अ‍ॅक्टिव्हिनचा हा गुण दाखविला. पुढे असे दिसले की, भ्रूणात प्रत्यक्ष हे काम मुख्यतः अ‍ॅक्टिव्हिनचे भाऊबंद असलेली नोडल-कुलातील प्रथिने करतात. अ‍ॅक्टिव्हिन हा प्रयोगशाळेतील प्रतिनिधी ठरला.

येथे नावांकडे लक्ष दिले पाहिजे. 'वृद्धिघटक' ही संज्ञाच आद्य भ्रूणाच्या संदर्भात फसवी आहे, कारण या काळात भ्रूण वाढत नाही. अंड्याचे विभाजन होत जाते, पेशी संख्येने वाढतात आणि आकाराने लहान होतात. एकूण आकारमान जवळजवळ तेवढेच राहते. एफजीएफ हे नाव तंतुपेशींच्या विभाजनावरून पडले. अ‍ॅक्टिव्हिनचे नाव पिट्यूटरी ग्रंथीतील एका संप्रेरकाचे स्रवण वाढविण्याच्या गुणावरून आले. बीएमपी म्हणजे अस्थिजनक प्रथिने. ती हाडाच्या संशोधनातून पुढे आली, पण बेडकाच्या आद्य भ्रूणात, जेव्हा हाडाचा मागमूसही नसतो, तेव्हा ती पोटाची बाजू आणि त्वचा ठरविण्यात भाग घेतात. विंट हे नाव माशीच्या पंखाच्या आणि उंदराच्या स्तनातील गाठीच्या जनुकांवरून बनले.

तात्पर्य, ही नावे संकेतांचा अर्थ सांगत नाहीत. शोधाच्या वेळी ते ज्या पत्त्यावर सापडले तो पत्ता सांगतात. एकच प्रथिन हाडात एक काम करते, भ्रूणाच्या पोटाशी दुसरे. जर अर्थ प्रथिनातच लिहिलेला असता, तर असे झाले नसते. विद्यार्थ्याला नावांची यादी पाठ करावयास लावताना नेमका हाच मुद्दा निसटतो.

४. पेशीपृष्ठापासून जनुकापर्यंत

संकेत आत कसा पोहोचतो, याचे चित्र १९९६ च्या सुमारास स्पष्ट झाले. नोडल किंवा अ‍ॅक्टिव्हिन ग्राही प्रथिनाला चिकटले की पेशीच्या आत स्मॅड-२ या प्रथिनावर फॉस्फेट गट बसतो. असे स्मॅड-२ स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात जाते. परंतु हजारो जनुकांमधून नेमके जनुक शोधणे या जोडीला स्वबळावर साधत नाही. त्यासाठी डीएनएवर आधीपासून बसलेला एखादा वाटाड्या लागतो. फॉक्स-एच१ हे असे प्रथिन आहे. ते अंड्यात मातेकडून आलेले असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, भ्रूणाची स्वतःची जनुके बोलू लागण्यापूर्वीच फॉक्स-एच१ संबंधित नियामक जागांवर जाऊन बसलेले असते. निराळ्या पेशीत निराळा वाटाड्या असेल, तर तेच स्मॅड-२ निराळ्या जनुकापाशी पोहोचते.

वेळेचेही असेच आहे. झेनोपसचे अंडे फलनानंतर सुमारे दीड तासाने प्रथम विभागते आणि त्यानंतर साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने विभागत जाते. पहिल्या बारा विभाजनांपर्यंत, म्हणजे सुमारे ४,००० पेशी होईपर्यंत, भ्रूणाची स्वतःची जनुके बहुतांशी शांत असतात. मातेने अंड्यात ठेवलेल्या शिदोरीवर सारे काम चालते. त्यानंतर विभाजनाचा वेग मंदावतो आणि जनुकांचे प्रतिलेखन मोठ्या प्रमाणावर सुरू होते. न्यूपोर्ट आणि किर्शनर यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेल्या या टप्प्याला मध्य-ब्लास्टुला संक्रमण म्हणतात.

५. एकच संकेत, दोन अर्थ

संकेताचा अर्थ काळावर कसा अवलंबून असतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण विंट संकेताचे आहे. फलनानंतर अंड्याचा बाह्य थर आतील द्रव्याच्या तुलनेत सुमारे तीस अंशांनी फिरतो. त्यामुळे शुक्राणू शिरलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूस बीटा-कॅटेनिन हे विंट-मार्गातील प्रथिन साठते, आणि ती बाजू पाठीची होते. या काळात विंटचा संदेशवाहक आरएनए पोटाच्या बाजूस टोचला, तर तेथे दुसरी पाठ उगवते. परंतु १९९३ मध्ये क्रिस्चन आणि मून यांनी विंट-८ हे प्रथिन मध्य-ब्लास्टुला संक्रमणानंतर तयार होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा परिणाम उलट झाला : पाठीकडील पेशी पोटाकडील वळण घेऊ लागल्या. प्रथिन तेच आणि भ्रूणही तोच असताना केवळ काही तासांच्या अंतराने 'पाठ हो' चा अर्थ 'पोट हो' असा झाला.

यामागील यंत्रणेचा एक धागा २०१० मध्ये उलगडला. ब्लाइद आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, संघटकाची जनुके शांत असतानाच बीटा-कॅटेनिन त्यांच्यापाशी पीआरएमटी-२ नावाचे विकर आणून ठेवते. ते विकर डीएनए ज्याभोवती गुंडाळलेले असते त्या हिस्टोन प्रथिनावर खूण करते. जनुक त्या क्षणी चालू होत नाही. पण पुढे संक्रमणाची वेळ आली की खूण केलेले जनुक प्रतिसाद देते. म्हणजे संकेत आणि सक्रियता यांच्यामध्ये एक स्मृती आहे. २०१६ मधील आणखी एका अभ्यासाने असेही दाखविले की, बीटा-कॅटेनिन जनुकाजवळ पोहोचले म्हणजे जनुक चालू झालेच असे नाही. कोणत्या अवस्थेत कोणते जनुक प्रत्यक्ष बोलेल, हे त्यानंतरच्या पायरीवर ठरते.

निफाडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. द्राक्षाची वेल एप्रिलमध्ये छाटली (खरड छाटणी) तर ती काडी धरते. ऑक्टोबरमध्ये छाटली (गोडी छाटणी) तर घड देते. कात्रीत ना काडी लिहिलेली असते ना घड. दोन छाटण्यांत काडी किती राखायची हे निराळे असते, म्हणून उपमा पूर्णतः जुळत नाही. परंतु वेलीच्या डोळ्यांत आधी काय घडून गेले आहे यावर छाटणीचा अर्थ ठरतो, हे तत्त्व तेच आहे. ग्रहणक्षमता या अवजड संज्ञेसाठीही मराठीत एक अचूक शब्द पूर्वापार आहे : वाफसा. बियाणे कितीही उत्तम असले तरी जमिनीला वाफसा नसेल तर पेरणी वाया जाते, आणि वाफसा येतो तसा जातोही. भ्रूणपेशींचा वाफसाही असाच जातो. ग्रिम आणि गर्डन यांनी २००२ मध्ये दाखविले की, ठरावीक काळानंतर पेशीत स्मॅड-२ केंद्रकाबाहेर ठेवले जाते आणि त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिनला प्रतिसाद देण्याची क्षमता संपते. संकेत तेव्हाही येऊ शकतो. पण आत त्याला वाट नसते.

६. नॉगिन आणि पुण्याचा प्रयोग

संघटकातून नेमके काय स्रवते, याचा शोध १९९० च्या दशकात लागला आणि त्याने आज्ञेच्या रूपकाला दुसरा मोठा धक्का दिला. १९९२ मध्ये स्मिथ (विल्यम) आणि हार्लंड यांनी नॉगिन हे जनुक वेगळे केले. १९९४ मध्ये कॉर्डिनचे वर्णन झाले. १९९६ मध्ये असे सिद्ध झाले की, ही दोन्ही प्रथिने पेशीला काही 'सांगत' नाहीत. ती बीएमपीला पेशीबाहेरच पकडून ठेवतात आणि ग्राहीपर्यंत पोहोचू देत नाहीत. बीएमपी पेशीला त्वचेकडे नेते. तिला अडविले की पेशी चेताऊतीकडे वळते. १९८९ मध्येच असे आढळले होते की, टोपीतील पेशी सुट्या करून काही काळ ठेवल्या तर त्या कोणत्याही प्रवर्तकाशिवाय चेताऊतीकडे झुकतात. ज्याला सात दशके 'संघटक' म्हटले, त्याचे एक मुख्य कार्य अशा रीतीने निषेधाचा निषेध करण्याचे निघाले.

याच नॉगिनवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत महत्त्वाचे काम झाले. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने गोड्या पाण्यातील हायड्रा या अतिप्राचीन वंशाच्या प्राण्यातून नॉगिनसदृश जनुक वेगळे केले आणि आसाशिमा यांच्या सहकार्याने झेनोपसच्या भ्रूणात त्याची परीक्षा घेतली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधानुसार हायड्रा-नॉगिनचा आरएनए टोचलेल्या सर्व भ्रूणांत दुसरा अक्ष निर्माण झाला. अतिनील किरणांमुळे पाठ न घडू शकलेल्या भ्रूणांत त्याने पाठीची घडण अंशतः परत आणली. टोपीवरील प्रयोगांनी हा परिणाम बीएमपीच्या प्रतिबंधामुळेच होतो हेही दाखविले. या आधारे लेखकांनी नॉगिनचे कार्य उत्क्रांतीत टिकून राहिल्याचे प्रतिपादन केले.

हा प्रयोग निर्विवादपणे उत्तम आहे. त्याची रचना नेटकी आहे : दुसरा अक्ष, उणीव भरून काढणे आणि यंत्रणेची तपासणी असा तिपेडी पुरावा त्यात आहे. परंतु 'कार्य टिकून राहिले' या निष्कर्षाचे दोन अर्थ संभवतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला अर्थ : हायड्राचे नॉगिन बेडकाच्या बीएमपीला पकडू शकते. हा अर्थ प्रयोगाने पूर्णपणे सिद्ध होतो. दुसरा अर्थ : नॉगिन हायड्रात जे घडविते तेच बेडकात घडविते. हा अर्थ या प्रयोगातून निघत नाही, निघूही शकत नाही. कारण हायड्राला पाठ नाही, कणा नाही, मेंदू नाही. हायड्रालाही संघटक असतो (एथेल ब्राउन यांनी १९०९ मध्ये, म्हणजे श्पेमान-मांगोल्ड यांच्याही आधी, हायड्राच्या मुखाजवळील ऊतीचे कलम करून दुसरा अक्ष मिळविला होता), परंतु तेथून उगवते ते नवे तोंड आणि त्याभोवतीच्या शुंडिका. बेडकाच्या पेशींनी त्याच कुळातील प्रथिनापासून पाठ घडविली.

ज्या प्राण्याला पाठच नाही त्याच्या प्रथिनाने बेडकाला दुसरी पाठ दिली, हे आज्ञेच्या भाषेत सांगता येत नाही. पाठीचा तपशील हायड्राने पाठविला नव्हता. तो बेडकाकडेच होता. टिकून राहिली ती दोन रेणूंची एकमेकांना धरण्याची रीत. तिचा अर्थ प्रत्येक वंशाने आपापल्या इतिहासानुसार लावला. या दृष्टीने वाचल्यास पुण्याचा प्रयोग त्याच्या लेखकांनी केलेल्या दाव्याहूनही अधिक काही सांगतो.

७. संभाव्य आक्षेप

येथपर्यंतचे प्रतिपादन एकांगी होण्याचा धोका आहे. अर्थ सर्वस्वी ग्राहक पेशीत असतो, असे म्हटले तर संकेत म्हणजे केवळ धक्का ठरेल. पुरावा तसे सांगत नाही. ग्रीन आणि स्मिथ यांनी १९९० मध्ये दाखविले की, अ‍ॅक्टिव्हिनची मात्रा थोडीथोडी वाढविली असता पेशींचे भवितव्य पायरीपायरीने बदलते. डायसन आणि गर्डन यांनी १९९८ मध्ये याचे मोजमाप दिले. प्रत्येक पेशीवर अ‍ॅक्टिव्हिनचे सुमारे ५,००० ग्राही असतात. त्यांपैकी सुमारे १००, म्हणजे २ टक्के, व्यापले गेले की ब्रॅकियुरी हे जनुक सक्रिय होते. सुमारे ३००, म्हणजे ६ टक्के, व्यापले गेले की गूसकॉइड सक्रिय होते. ग्राहींची एकूण संख्या कृत्रिमरीत्या वाढविली तरी हे उंबरठे प्रमाणावर न ठरता व्यापलेल्या ग्राहींच्या प्रत्यक्ष संख्येवरच ठरतात. मिथिलीन ब्ल्यूला अशी मात्रेची भाषा येत नाही. तेव्हा संकेत माहिती वाहतो, हे मान्यच केले पाहिजे.

प्रश्न आहे तो ती माहिती कोणत्या स्वरूपाची, हा. 'शंभर' किंवा 'तीनशे' ही संख्या संकेत पोहोचवितो; शंभराचा अर्थ ब्रॅकियुरी आणि तीनशेचा अर्थ गूसकॉइड, हा कोश मात्र पेशीजवळ असतो.

दुसरा आक्षेप नॉगिनच्या बाबतीत. अडथळा दूर केला की पेशी आपोआप चेताऊती होते, हेही अतिसुलभीकरण ठरले आहे. एफजीएफचा सहभागही आवश्यक असतो, असा पुरावा बेडूक आणि कोंबडी या दोहोंतून पुढे आला. पुण्यातीलच खोत आणि घासकडबी यांनी २००१ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात चेतासंस्था आणि मध्यस्तर यांच्या आरंभीच्या घडणीला एफजीएफ-संकेत अत्यावश्यक असल्याचे दाखविले. म्हणजे 'आज्ञा' हे रूपक जसे अपुरे, तसे 'केवळ मोकळीक' हेही अपुरे. तिसरी मर्यादा पद्धतीची आहे : आरएनए टोचून केलेल्या प्रयोगात प्रथिनाची मात्रा नैसर्गिक मात्रेहून बरीच अधिक असू शकते. 'असे घडू शकते' आणि 'भ्रूणात असेच घडते' यांतील अंतर अशा प्रत्येक प्रयोगाने स्वतंत्रपणे भरून काढावे लागते. अ‍ॅक्टिव्हिनकडून नोडलकडे झालेला प्रवास हा याचाच धडा आहे.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

ही चर्चा केवळ तज्ज्ञांपुरती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिल्यानंतर महाविद्यालयीन प्रयोगशाळेतून बेडूक जवळजवळ गेला. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे भ्रूणविज्ञान हा विषय तक्ते, स्थायी काचपट्ट्या आणि पाठ्यपुस्तकातील वाक्ये यांवर अवलंबून राहिला. जेथे वस्तू समोर नसते तेथे भाषा हीच वस्तू बनते. अशा वेळी भाषा सदोष असेल, तर विद्यार्थ्याची संकल्पनाही सदोष होते. 'संघटकाचे कार्य सांगा' या प्रश्नाचे उत्तर संघटकापुरतेच लिहून पूर्ण गुण मिळत असतील, तर यजमान ऊतीचा विचार विद्यार्थ्याने का करावा?

यावर उपाय खर्चिक नाहीत. विंटचा १९९३ चा प्रयोग आणि नॉगिनचा २०१० चा प्रयोग हे दोन्ही फळ्यावर दोन आकृत्यांत मांडता येतात आणि निष्कर्ष विद्यार्थ्यांकडूनच काढून घेता येतो. झेनबेस या विनामूल्य माहितीकोशातील जनुक-अभिव्यक्तीची चित्रे संगणकावर दाखविता येतात. वृद्धिघटकांची नावे शिकविताना प्रत्येक नावाचा 'पहिला पत्ता' सांगितला, तर यादीचे रूपांतर विचारात होते.

स्थानिक प्रश्नाशीही याचा संबंध आहे. पवार, घाटे आणि काटदरे यांनी १९८३ मध्ये मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचा मायक्रोहायला ऑर्नाटा या आपल्याकडील छोट्या बेडकाच्या भ्रूणविकासावरील परिणाम अभ्यासला होता. बागायती तालुक्यात फवारणीची रसायने पावसाच्या पाण्याबरोबर डबक्यांत पोहोचू शकतात आणि बेडकांची अंडी त्याच पाण्यात असतात. 'हे रसायन घातक आहे का' एवढा प्रश्न आज्ञेच्या रूपकातून सुचतो. 'भ्रूणाच्या कोणत्या तासाला हे रसायन भेटले, आणि त्या तासाला कोणता संकेत वाचला जात होता' हा प्रश्न मात्र ग्रहणक्षमतेच्या संकल्पनेतूनच सुचू शकतो. दुसरा प्रश्न अधिक फलदायी आहे. कारण त्यात विकृतीची नोंद आणि तिचे कारण यांना जोडणारा दुवा आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) बेडकाच्या आद्य भ्रूणात वृद्धिघटक जनुकांची सक्रियता नियंत्रित करतात हे विधान सत्य आहे. परंतु नियंत्रण हे संकेत, काळ आणि ग्राहक पेशीची तयारी या तिघांचे संयुक्त फलित आहे.

(२) संकेत मात्रा, दिशा आणि वेळ यांची माहिती वाहतो. कोणते जनुक जागे व्हायचे हे मात्र मातेकडून आलेली प्रथिने, डीएनएवरील आधीच्या खुणा आणि सोबतचे अन्य संकेत यांवरून ठरते.

(३) हायड्रा-नॉगिनचा पुण्यातील प्रयोग रेणवीय परस्परक्रियेचे सातत्य सिद्ध करतो. अर्थाचे सातत्य सिद्ध करीत नाही. हा भेद स्पष्ट केल्याने प्रयोगाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

(४) अध्यापनात 'आज्ञा' आणि 'गुरुकिल्ली' या रूपकांऐवजी ग्रहणक्षमतेची, म्हणजेच वाफशाची, संकल्पना मध्यवर्ती ठेवणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. श्पेमान आणि मांगोल्ड यांच्या प्रयोगातील यजमान पेशींना पाठ्यपुस्तकात त्यांचे स्थान मिळणे अद्याप बाकी आहे.